थारच्या मागच्या दारावर ४१ किलोची स्टेपनी : टेलगेट सपोर्ट किटचा दोन पावसाळ्यांचा अनुभव

दापोली तालुक्यातील आमच्या बागेकडे जाणारा शेवटचा दीड किलोमीटर सड्यावरून (उघड्या कातळाच्या पठारावरून), जांभ्याच्या गोट्यांतून जातो आणि आषाढात तिथे चिखलाखाली कातळ आहे की खड्डा, हे चाक पडल्यावरच कळते. म्हणून थारचे २४५/७५ आर १६ मापाचे मूळ टायर झिजल्यावर मी त्यांहून रुंद आणि मोठ्या व्यासाचे, २८५/७५ आर १६ मापाचे मड टायर आठ इंची पोलादी रिमवर चढवले. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी लागली, कारण फोर-व्हील लावून घट्ट जमिनीवर चालताना एक चाक कमी व्यासाचे असेल तर त्याचा सगळा ताण इंजिनाची ताकद चाकांना वाटणाऱ्या ट्रान्स्फर केस आणि डिफरन्शियल या गिअरपेट्यांवर येतो. काजू बी खरेदी करणाऱ्या ओळखीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर दोन्ही चाके ठेवून पाहिली, तेव्हा जुने २९ किलो भरले आणि नवे ४१. बारा किलोंचा हा फरक तेव्हा मी हसण्यावारी नेला होता.

तीन महिन्यांत दार बोलू लागले. आधी कुईकुई, मग खडखडाट, आणि शेवटी दार लावताना ते हाताने किंचित उचलल्याशिवाय लॅच कडीत बसेना. कडीच्या खालच्या कडेवरचा रंग घासून पत्रा उघडा पडला होता. यात दाराचा दोष नव्हता, कारण ते मूळ मापाच्या चाकासाठी बनवलेले आहे. चाकाचा मध्य बिजागऱ्यांच्या रेषेपासून ६० सेंमी दूर आणि दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंमी अंतर धरले, तर दार उघडे असताना ४१ किलोच्या चाकामुळे वरची बिजागरी सुमारे साडेएकसष्ट किलोच्या जोराने ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने दाबली जाते. २९ किलोच्या चाकाला हाच आकडा साडेत्रेचाळीसच्या आसपास येतो. त्यात खड्ड्यात आपटताना चाक क्षणभर आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार टाकते. शिवाय रुंद टायरमुळे वजन दारापासून आणखी बाहेर सरकते ते वेगळेच.

तेव्हा साडेसतरा हजार रुपये मोजून ऑनलाइन मागवलेल्या किटचे हे परीक्षण आहे. त्यात चार गोष्टी येतात : दोन्ही बिजागऱ्यांना एकत्र बांधणारा ॲल्युमिनियमचा ओतीव तुकडा, दाराच्या पत्र्यावर भार न टाकता स्टेपनी थेट त्या तुकड्याला जोडणारी पोलादी प्लेट, टायरच्या पाठीला टेकणारे चार रबरी बफर, आणि लॅचच्या बाजूला दाराखाली बसणारी नायलॉनची पाचर. जाहिरातीत सगळा भर ओतीव तुकड्यावर आहे आणि त्याचे काम चोख आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही माझ्या मते किटमधली सर्वांत मोलाची वस्तू ती किरकोळ किमतीची पाचर आहे. दार बंद झाले की त्याची मोकळी कड पाचरीवर टेकते, त्यामुळे चालत्या गाडीत दार एका बाजूने लोंबकळत न राहता दोन्ही बाजूंनी पेलले जाते. बिजागऱ्या कितीही मजबूत केल्या, पण दुसरी बाजू अधांतरी राहिली, तर हादरे लॅचच खातो.

बसवण्याचे काम चिपळूणच्या एका मिस्त्रींनी साडेतीन तासांत केले. सोबतच्या कागदावर बफर किती पुढे आणायचे याचा एक शब्दही नाही आणि ही उणीव मला अक्षम्य वाटते, कारण बफर मागे राहिले तर चाक थरथरते आणि फार पुढे आणले तर ते चाकालाच बाहेर ढकलून बोल्टवर ताण आणतात. मिस्त्रींनी बफर आणि टायर यांच्यामध्ये दहा रुपयांची नोट धरली, बफर फिरवत आणला आणि नोट ओढल्यावर जेमतेम सुटेल अशा ठिकाणी चेकनट (बफर जागेवर पक्का धरणारा नट) आवळला. चारही बफर याच रीतीने लावले. रबर हळूहळू बसते, म्हणून महिन्याभराने पुन्हा एकदा नोट घालून पाहावी लागली आणि तेव्हा दोन बफर सैल निघाले. प्लेटवर उंचीसाठी तीन भोके आहेत. खालच्या भोकात टायर बंपरला घासत होता, वरच्या भोकात मागची काच उघडताना टायर आडवा येत होता, म्हणून मधले भोक निवडले.

आता खऱ्या तक्रारीकडे येतो. हे किट बनवणाऱ्याने समुद्र पाहिला नसावा. दाभोळ-धोपावे फेरीने आठवड्यातून दोनदा गुहागरला जाणाऱ्या गाडीवर खाऱ्या पाण्याचे तुषार उडणारच, आणि पहिल्याच पावसाळ्यात किटसोबतच्या झिंक मुलाम्याच्या बोल्टांवरून तांबड्या गंजाचे ओघळ दारावर उतरले. त्याहून वाईट म्हणजे बोल्टांच्या डोक्यांखाली ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन सुटू लागले होते. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यातला एक झिजतो आणि पोलादापाशी ती पाळी ॲल्युमिनियमवर येते. हर्णै बंदरावर नौकांचे सामान विकणाऱ्या दुकानातून ३१६ जातीच्या स्टेनलेसचे बोल्ट आणले, डोक्यांखाली नायलॉनचे वॉशर घातले आणि आट्यांना ग्रीस लावले. असे बोल्ट घेताना डोक्यावर ए४-८० असा ठसा पाहून घ्यावा (ए४ म्हणजे ३१६ ची जात, पुढचा आकडा ताकदीचा), कारण ए४-७० ची ताकद नेहमीच्या ८.८ ग्रेडच्या बोल्टापेक्षा कमी असते. दुसरा पावसाळा संपून गेला, तरी नवा ओघळ दिसलेला नाही. ही दुरुस्ती ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने करावी, हे मात्र साडेसतरा हजारांच्या वस्तूला शोभत नाही. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तर ‘गाडी धूत जा’ एवढेच उत्तर आले.

टायर मोठे झाल्याचे इतर परिणाम किटने सुटत नाहीत. व्यास ७.८ टक्क्यांनी वाढल्यामुळे वेगाचा काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ च्या वेगाने धावत असते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील बदलांविषयी आहे, तेव्हा खर्च करण्यापूर्वी आरटीओत चौकशी करणे शहाणपणाचे.

चाकाचा व्यास ३३ इंचांच्या आत असेल तर हे किट पुरते, त्यापुढे मी दारावर विसंबणार नाही. त्या वजनाला चेसिसशी जोडलेल्या बंपरवरची, स्वतंत्र खुंटावर फिरणारी स्टेपनीची कमान हवी. माझ्या मेहुण्यांच्या गाडीवर तशी कमान आहे आणि दारावर गुंजभरही भार येत नाही. पण दार उघडायचे तर आधी कमानीची कडी सोडा, ती बाजूला फिरवा, मग दार, आणि बंद करताना हेच सगळे उलट्या क्रमाने करा. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या चढवता-उतरवता दिवसातून वीस वेळा मागचे दार उघडणाऱ्या माणसाला ते परवडत नाही, म्हणून मी किटच ठेवले आहे आणि दहाची ती नोट डॅशबोर्डच्या खणात.