ओपन स्पेसवरच्या हॉलसाठी गेलेले पावणेदोन लाख: निधीच्या दलालांपासून सावध राहा

कोल्हापूरच्या उपनगरातल्या एका कॉलनीने आपल्या ओपन स्पेसवर, म्हणजे लेआउटमध्ये (प्लॉट पाडण्याच्या आराखड्यात) सोडलेल्या सामायिक खुल्या जागेवर, बगीचा आणि छोट्या सांस्कृतिक हॉलसाठी घरटी वर्गणी काढली आणि 1,75,000 रुपये एका दलालाच्या हवाली केले. निधी आला नाही, माणूस फोन उचलत नाही. शहरातल्या तालमी, मंडळं, गृहनिर्माण संस्था आणि आसपासच्या ग्रामपंचायतींपुढे अशी माणसं वरचेवर उभी राहतात. म्हणून हा प्रकार टप्प्याटप्प्याने मांडतो आहोत.

सुरुवात गोड होती. "अध्यक्ष, 2515 मधनं 40 लाख आणतो. फाईल मंत्रालयात सहीला हाय. 2 टक्के फाईल खर्च तेवढा द्या." म्हणजे 80,000. पुढे अंदाजपत्रकाची फी म्हणून 15,000. मग व्हॉट्सअपवर शासन निर्णयाची पीडीएफ आली आणि तिच्या जोरावर "अनामत रक्कम" म्हणून आणखी 80,000 मागितले. शेवटचे पैसे एका प्रतिष्ठानाच्या बचत खात्यावर गेले. पावतीवर बारीक अक्षरात "सल्ला शुल्क, परतावा नाही" असं छापलेलं होतं.

खोट पहिल्याच वाक्यात होती. 2515 हे ग्रामविकासाचं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्चाच्या खात्याचा क्रमांक, आहे. त्यातून ग्रामीण भागात मूलभूत सुविधांची कामं होतात. ही कॉलनी महापालिका हद्दीत आहे, तिला त्यातून रुपयाही मिळू शकत नाही. कोल्हापुरात मात्र ही थाप सहज पचते. हद्द अशी आहे की रस्त्याच्या एका अंगाला महापालिका आणि दुसऱ्या अंगाला पाचगाव, मोरेवाडी किंवा कळंब्याची ग्रामपंचायत. शेजारच्या गल्लीत 2515 चा फलक दिसतो आणि आपल्यालाही मिळेल असं वाटतं. घरफाळ्याची पावती कोण देतं ते आधी पाहा. महापालिका देत असेल तर नगरोत्थान (शहरांतल्या सुविधांसाठीची राज्याची योजना), आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी, महापालिकेचं स्वतःचं अंदाजपत्रक हे तुमचे रस्ते. ग्रामपंचायत देत असेल तर 2515, वित्त आयोगाचा निधी, जिल्हा नियोजन समिती.

आकड्यांनाही अंगचं माप असतं. खासदाराला वर्षाला 5 कोटी मिळतात आणि कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे 6 मतदारसंघ येतात. एका बागेला त्यातले 2 कोटी देतो म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

दुसरी खोट जमिनीत होती. कॉलनीचा लेआउट 6,000 चौरस मीटरचा, म्हणून 10 टक्क्यांप्रमाणे ओपन स्पेस 600 चौरस मीटर. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे अशा खुल्या जागेवर एकूण 15 टक्के बांधकाम चालतं आणि त्यातही तळमजल्यावर 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे खाली फार तर 60 चौरस मीटर, साधारण 645 चौरस फूट. दलालाच्या नकाशात तळमजल्याचा हॉल 2,000 चौरस फुटांचा! हा नकाशा कुठल्याही अभियंत्याच्या टेबलावरून पुढे सरकला नसता. मंजूर लेआउटची प्रत आणि प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा हातात घेऊन हे गणित आधी मांडलं असतं, तर पैसे वाचले असते.

आता मुख्य मुद्दा. या निधीत अर्जदाराने पैसे भरायची जागाच नसते. काम सुचवतो लोकप्रतिनिधी, ग्रामसभा किंवा महापालिका. अंदाजपत्रक करतो कार्यान्वयन यंत्रणेचा शाखा अभियंता, म्हणजे सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद बांधकाम किंवा महापालिकेचा माणूस. तो जागेवर येतो, टेप लावतो, शासनाच्या दरसूचीप्रमाणे दर धरतो. त्याची फी तुमच्याकडून घेतली जात नाही. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. काम झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि बिल ठेकेदाराच्या खात्यावर जातं. बयाणा रक्कम आणि सुरक्षा अनामत भरतो तोही ठेकेदारच, आणि ती विभागाकडे जमा होते. मंडळाकडे "अनामत" मागितली, तीही खासगी खात्यावर, की समजा हा व्यवहार सरकारी नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा, कारण दलाल तोच पुढे करतात. काही योजनांत लोकवर्गणी खरोखर असते. जलजीवन मिशन या नळपाणी योजनेत गावांतर्गत कामाच्या खर्चाचा 10 टक्के वाटा गावाने उचलायचा असतो, डोंगराळ किंवा वनक्षेत्रातल्या गावांनी 5 टक्के. पण ती वर्गणी गावाच्या पाणीपुरवठा समितीच्या बँक खात्यावर भरायची असते, कुणा मध्यस्थाच्या हातात नाही.

शासन निर्णय तपासायला पाच मिनिटं पुरतात. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी 18 अंकी संकेतांक असतो आणि त्याचे पहिले 8 अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. या पीडीएफवर तारीख मार्चची, संकेतांक मात्र 20211103 ने सुरू, म्हणजे 3 नोव्हेंबर 2021. निर्णयाची तारीख आणि संकेतांक यांत काही दिवसांचं अंतर असू शकतं, पण इतकं नाही. जुन्या निर्णयावर नवा मजकूर चिकटवलेला होता. शासनाच्या संकेतस्थळावर संकेतांक टाकून मूळ प्रत उघडा आणि सोबतच्या यादीत आपल्या कामाचं नाव, गाव आणि रक्कम शोधा. नुसतं पहिलं पान पाठवणाऱ्याकडे यादी मागा. निविदा निघाली असं सांगितलं तर महाटेंडर्स या राज्याच्या निविदा संकेतस्थळावर ती कुणालाही फुकट पाहता येते.

घाई हे दलालांचं मोठं हत्यार. "31 मार्चला पैसे परत जातील", "आचारसंहिता लागायच्या आत टाका". अर्थसंकल्पी निधीची मुदत मार्चअखेर संपते हे खरं, पण खासदार निधी वर्षाखेरीला बुडत नाही. आणि मुदतीची काळजी करायची ती विभागाने. तुमच्या 80,000 रुपयांनी 31 मार्च पुढे जात नाही.

पैसे गेल्यावर लोक गप्प बसतात, आणि याचंच आम्हाला जास्त वाईट वाटतं. दलालाने "वरच्या साहेबांना द्यायचे" म्हटलेलं असतं, मग तक्रार केली तर आपणच अडकू अशी धास्ती. भीती अगदीच निराधार नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. पण त्याच कलमात, ज्याला देणं भाग पाडलं गेलं त्याने 7 दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं तर त्याच्यावर ते लागू होत नाही. ओळख वापरून काम करून देतो म्हणत पैसे घेणारा मध्यस्थ स्वतंत्र कलमाखाली येतो. म्हणून साहेबांच्या नावाने पैसे मागितले की देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 वर फोन करा.

यूपीआय किंवा ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करायच्या आधी सगळं उतरवून घ्या. पोलीस ठाण्यातल्या अर्जाला व्यवहारांचे यूटीआर क्रमांक (बँकेने प्रत्येक व्यवहाराला दिलेला नंबर), बँकेचा उतारा, ती पावती, बनावट पीडीएफ आणि वर्गणीचा ठराव जोडा. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे, बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरल्याला 340. रोख दिली असेल तर तेव्हा हजर असलेल्या दोघा-तिघांचे जबाब महत्त्वाचे, म्हणून त्यांनाही सोबत न्या.

त्याच दिवशी जिल्हा नियोजन कार्यालयात आणि महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराला 30 दिवसांची मुदत. प्रश्न एवढाच विचारा: या जागेवरच्या या कामाचा प्रस्ताव कोणत्या आवक क्रमांकाने, कोणत्या तारखेला आला आणि सध्या तो कोणत्या टेबलावर आहे. "असा प्रस्ताव प्राप्त नाही" असं लेखी उत्तर आलं, तर ते पोलिसांकडच्या अर्जाला जोडा.