विद्यापीठ खरं होतं, सेंटर खोटं

बारावी झाली तसं लग्न झालं आणि बी.कॉम. राहूनच गेलं. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात नऊ वर्षं झाली, बिल्ट्या म्हणजे मालाच्या पावत्या आणि टॅली सांभाळते. मागच्या वर्षी मालक म्हणाले, पदवी आण, अकाउंट्स पूर्ण तुझ्याकडे देतो. तेव्हापासून बर्डीवरचा, म्हणजे नागपुरातल्या सीताबर्डीवरचा, 'घरबसल्या पदवी' हा बोर्ड रोज डोळ्यांत भरायला लागला.

दुसऱ्या माळ्यावर एसी ऑफिस. भिंतीवर विद्यापीठाच्या इमारतीचा भलामोठा फोटो. काउन्सेलर मुलगी गोड बोलणारी. "ताई, टेन्शन नका घेऊ. पहिलं वर्ष मागच्या सेशनमध्ये दाखवून देऊ, दोन वर्षांत डिग्री हातात." इथेच उठायला पाहिजे होतं. पण घाई मलाही होती, खोटं कशाला बोलू.

तरी मी अगदीच भोळी नव्हते. म्हटलं, यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता दाखवा. तिने मॉनिटर माझ्याकडे वळवला. यूजीसीची वेबसाइट, राज्यवार विद्यापीठांची यादी, त्यात नाव. घरी येऊन मोबाइलवर पाहिलं, होतं. दिरांनीही पाहिलं, होतं. सगळ्यांचं समाधान झालं.

फसले ते इथेच. विद्यापीठ मान्य असणं ही एक गोष्ट आणि त्याचा दूरस्थ कोर्स मान्य असणं ही दुसरी. ती दुसरी यादी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोची, म्हणजे डीईबीची. कोणत्या सेशनला कोणत्या विद्यापीठाला कोणता कोर्स चालवायची परवानगी आहे, ते त्यात असतं. आमच्या विद्यापीठाचे दोन एम.ए. होते तिथे. बी.कॉम. नव्हतंच. शिवाय विद्यापीठ दुसऱ्या राज्यातलं. राज्य किंवा खासगी विद्यापीठाला दूरशिक्षणाचं केंद्र आपल्या राज्याबाहेर काढता येत नाही, आणि केंद्राची फ्रँचायझी तर कुणालाच देता येत नाही. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, केंद्रीय, म्हणून देशभर चालतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच राज्याचं, म्हणून नागपुरात चालतं. म्हणजे बर्डीवरच्या त्या खोलीला त्या विद्यापीठाचं केंद्र होताच येत नव्हतं, भिंतीवर कितीही मोठा फोटो लावला तरी.

हे सगळं मला नंतर कळलं. तोवर २८,५०० रुपये गेले होते, तेही यूपीआयने एका माणसाच्या खात्यावर. रोज दुसऱ्यांच्या बिल्ट्या तपासणारी मी, स्वतःची पावती घरी येऊन वाचली. त्यावर विद्यापीठाचं नावच नाही. 'मार्गदर्शन शुल्क' एवढंच, खाली कन्सल्टन्सीचा शिक्का. टीसी आणि बारावीची मूळ मार्कशीट "व्हेरिफिकेशनसाठी" ठेवून घेतली होती. पडताळणी झाली की मूळ कागद परत द्यायचे, ते अडकवून ठेवायचे नाहीत, असं यूजीसीने २०१८ मध्येच सांगितलंय. मला कुठे माहीत!

चार महिने झाले, ना पुस्तकं, ना एनरोलमेंट नंबर. एक दिवस मैत्रिणीच्या अ‍ॅडमिशनसाठी तिच्यासोबत अमरावती रोडवर इग्नूच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी तिला विचारलं, "डीईबी आयडी काढलाय?" २०२४ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन कोर्सच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःच्या एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यावरून हा आयडी काढावाच लागतो. मैत्रीण मोबाइल उघडून बसली आणि माझ्या पोटात गोळा आला. माझ्याकडे हा आयडी कुणी मागितलाच नव्हता.

त्या संध्याकाळी ब्रोशरवरचा नंबर सोडून विद्यापीठाच्या वेबसाइटवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा बाबू थंडपणे म्हणाला, "नागपूर में हमारा कोई सेंटर नहीं है, मैडम." रोज दोन-चार असे फोन येत असतील, असा आवाज.

दिरांना घेऊन बर्डीला गेले. काउन्सेलर मुलगी सोडून गेली होती. नवीन साहेब म्हणाले, "फी नॉन-रिफंडेबल आहे." दीर जरा वऱ्हाडी माणूस. "पावतीवर फी लिवली काहून नाई मंग?" साहेब गप्प. मी तिथेच उभी राहून १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, मोठ्याने, नाव-पत्ता सांगत. बाहेर बाकावर दोन पोरं आईवडलांसोबत बसली होती, तीही ऐकत होती. बहुतेक त्यांच्यामुळेच, पंधरा दिवसांत १२,००० रुपये परत आले. बाकीचे अजून यायचे आहेत.

पोलिसांत जाण्याआधी मात्र एक काम केलं, आधी मूळ कागद हातात घेतले. टीसी धड होती. मार्कशीटला फाइलसाठी पंचिंग मशीनने दोन भोकं पाडली होती, त्यातलं एक नेमकं अकाउंट्सच्या मार्कांतून गेलंय. आता बोर्डाकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज केलाय.