केटोप्रोफेन जेल: दुखण्याला पाचपैकी चार, उन्हात शून्य

कापूस वेचून वेचून माझी मनगटं आणि कोपरं दरवर्षी धरतात. गेल्या दिवाळीनंतर मेडिकलमधून केटोप्रोफेनचं जेल आणलं. दुखण्यावर म्हणाल तर एक नंबर. चिकट नाही, रात्री चोळलं की सकाळी मूठ नीट वळायची. गोळ्यांनी पोटात जळजळ व्हायची, तीही नाही. वेचणी संपेपर्यंत काहीच तक्रार नव्हती.

हरभरा सोंगायला लागलो आणि मनगटं लाल झाली. आधी खाज, मग पाण्याचे फोड. वावरातल्या बायांनी एका सुरात सांगितलं, गाजरगवत! धुऱ्यावर ते मातलेलंच असतं, त्यानं अंग उठतं हेही खरं. पण जेल मी कोपरालाही लावत होते आणि तिथली कातडी साफ होती. साडीवर घालतो त्या शर्टाची बाही जिथं संपते, बरोबर तिथून लाली सुरू. गालावरही एक चट्टा होता. जेल चोळलेला हात तोंडाला लागतोच की.

जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचेच्या डॉक्टरांनी ही बाहीची रेघ बघितली आणि जेल तिथंच बंद करायला लावलं. औषध कातडीत मुरलेलं असतं, त्यावर ऊन पडलं की त्याचं रूप बदलतं, ते कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं आणि मग शरीर त्याच्यावर उठतं. म्हणून सुरुवातीचे दिवस काही न होता निघून जाऊ शकतात. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१० साली या जेलची फेरतपासणी केली होती. असा त्रास क्वचित होतो म्हणून औषध बाजारात राहू दिलं, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्या म्हणून सांगितलं. लावत असताना आणि बंद केल्यावरही दोन आठवडे ती जागा झाकायची, आभाळ असलं तरी. आमच्याकडे मेडिकलवाला न विचारताच ट्यूब हातात ठेवतो.

काचेचाही भरवसा नाही. उन्हातल्या ज्या किरणांनी हा त्रास होतो, ते काचेतूनही येतात. फोड बसल्यानंतर एसटीत खिडकीशी बसले, काच बंद होती, तरी उतरेपर्यंत हात चुरचुरायला लागला.

मुलानं पुण्याहून सनस्क्रीन पाठवलं. डॉक्टरांनी मागचं बारीक अक्षर वाचून ते बाजूला ठेवायला सांगितलं. त्यात ऑक्टोक्रायलीन नावाचं ऊन अडवणारं रसायन होतं, आणि केटोप्रोफेन ज्याला बाधतं त्याला बरेचदा तेही बाधतं. कोलेस्टेरॉलसाठी कुणी फेनोफायब्रेटची गोळी लिहून दिली तर ही ॲलर्जी आधी सांगायची, हेही बजावलं. असं कुणी सांगत नाही बाप्पा.

मलम लावून फोड गेले, डाग मात्र बरेच दिवस राहिले. आता शर्टाची बाही पंजापर्यंत वाढवून घेतली आहे आणि रात्री मनगटं गरम पाण्यानं शेकते. जेलइतका आराम पडत नाही, हे मान्य. अर्धी ट्यूब अजून फडताळात आहे. गुडघ्यासाठी सासूबाई मागतात, पण त्या लुगडं वर खोचून दिवसभर अंगणात उन्हाला बसतात, म्हणून दिली नाही.