ब्लो होल कमी करायचे आहेत: एकेक घटक, फॅक्टोरियल, तागुची की शेनिन?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या किंवा गोकुळ शिरगावातल्या एखाद्या फाउंड्रीत (ओतशाळेत) ब्लो होलमुळे, म्हणजे ओतीव नगात वायू अडकून राहिलेल्या पोकळ्यांमुळे, ८ टक्के माल रिजेक्ट होतोय असं धरू. संशय तिघांवर आहे: साच्याच्या वाळूतला ओलावा, धातू ओतायचं तापमान आणि बेंटोनाइट, म्हणजे वाळू बांधून ठेवणारी माती.

प्रयोगाला हात घालण्याआधी पी चार्ट, म्हणजे रोजच्या रिजेक्शनच्या टक्केवारीचा आलेख, काढा. रोज २०० नग आणि सरासरी ८ टक्के, तर नियंत्रण मर्यादा साधारण २.२ ते १३.८ टक्के येतात. म्हणजे एखाद्या दिवशी १२ टक्के आले म्हणून वाळूच्या मिक्सरवरच्या माणसाला धारेवर धरण्यात अर्थ नाही. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ शूहार्ट यांनी १९२४ साली हा चार्ट मांडला तो नेहमीची चढउतार आणि खरा बिघाड वेगळा करण्यासाठीच. बिंदू मर्यादेबाहेर जात असतील तर आधी ते कारण शोधा. मात्र तापमान किती ठेवायचं, हे चार्ट सांगणार नाही.

त्यासाठी बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच घटक बदलतात. ही पद्धत साधी आणि सुरक्षित वाटते, पण मला ती सगळ्यात महाग वाटते. समजा, सध्या ओलावा ३.८ टक्के आणि तापमान १३६० अंश आहे, रिजेक्शन ८ टक्के. नुसतं तापमान १४१० केलं तर ११ होतं, म्हणून ते पुन्हा खाली आणलं. नुसता ओलावा ३.२ केला तर ७. मग तिथेच थांबलो. पण ओलावा ३.२ आणि तापमान १४१० एकत्र ठेवल्यावर ३ टक्के येत असतील, तर त्या जागी आपण कधी पोचतच नाही. ओल्या वाळूत जास्त गरम धातू गेला की वाफ वाढते, कोरड्या वाळूत तोच धातू वायूला बाहेर पडायला वेळ देतो. दोन घटकांचं हे संगनमत फक्त फॅक्टोरियलमध्ये, म्हणजे घटकांच्या पातळ्यांच्या सगळ्या जोड्या करून बघण्याच्या पद्धतीत, दिसतं.

खर्चही बघा. रिजेक्शन ८ वरून ४ वर आलेलं पाचात चार वेळा तरी पकडायचं असेल, तर तुलनेच्या प्रत्येक बाजूला सुमारे ५५० नग लागतात. एकेक घटक बदलत गेलात तर मूळचे ५५० आणि तीन बदलांचे मिळून २२०० नग. तीन घटक, दोन पातळ्या, आठ जोड्या असं फॅक्टोरियल केलं तर जोडीमागे १४० प्रमाणे ११२०, कारण प्रत्येक नग तिन्ही घटकांच्या हिशेबात मोजला जातो. फक्त एकाच हीटचे (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचे) नग एकमेकांसारखे असतात, त्यामुळे प्रत्येक जोडी वेगवेगळ्या हीटमध्ये, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने ओता.

घटक सहा-सात असतील तर आठ जोड्या पुरत नाहीत. सात घटकांच्या १२८ होतात. तिथे जपानी अभियंते तागुची यांचा एल-८ हा तयार तक्ता उपयोगी: सात घटक, आठ प्रयोग. पण सातही रकाने भरले की संगनमत आणि एकेका घटकाचा स्वतःचा परिणाम एकमेकांत मिसळतात. त्यामुळे मी त्याचा उपयोग फक्त चाळणीसारखा करीन. तागुचींचा मोठेपणा मला दुसरीकडे दिसतो. १९५३ मध्ये जपानच्या इना टाइल कंपनीत भट्टीतलं तापमान सगळीकडे सारखं नव्हतं. भट्टी बदलण्याऐवजी मिश्रणात चुना वाढवला आणि फरशांच्या मापातला फरक घटला. आपल्याकडेही पावसाळ्यातली हवा बदलता येत नाही, मिश्रण बदलता येतं.

अमेरिकी अभियंते शेनिन यांची, चांगल्या आणि वाईट नगातले सुटे भाग अदलाबदल करून दोषी भाग शोधण्याची पद्धत ओतीव नगाला लागू होत नाही; नग उघडून पुन्हा जोडता येत नाही. पंपाच्या किंवा गिअरबॉक्सच्या जुळणीत मात्र मी तीच आधी वापरीन.

तीन-चार घटक असतील तर माझा कौल पूर्ण फॅक्टोरियलला. निकाल हाती आला की शेनिन यांचीच एक चाचणी उसनी घ्या: तीन हीट नव्या सेटिंगने, तीन जुन्या, क्रम चिठ्ठीने. तिन्ही नव्या हीट तिन्ही जुन्यांपेक्षा सरस ठरल्या, तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता २० मध्ये १. मग सेटिंग कार्डवर नवे आकडे लिहायला हरकत नाही.