सागरी पुरातत्त्वाचा ऑनलाइन कोर्स, दारव्ह्याजवळच्या खेड्यातून

समुद्र मी एकदाच पाहिला, मुंबईत. दिवसभर कापूस वेचायचा अन् रात्री मोबाइलवर हा कोर्स, असे तीन महिने काढले.

दगडी नांगरांचा धडा फारच आवडला. द्वारकेच्या समुद्रतळाशी सापडलेले तीन भोकांचे नांगर! वरच्या भोकात दोर, खालच्या दोन भोकांत लाकडी मेखा. त्या तळात रुततात. आमच्या वावरातला नांगर जमीन उकरतो, हा जहाज धरून ठेवतो, अन् शब्द एकच. गुजरातेतल्या लोथल या हडप्पाकालीन गावातली २०० मीटरांहून लांब विटांची बांधणी गोदी की तलाव, हा वादही सरांनी नीट मांडला.

नकाशे मात्र मोबाइलवर वाचताच येत नाहीत. लाईन गेली की व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून. डाउनलोडची सोय द्याच.