सोलोमध्ये ‘सुलतान आगुंगच्या काळातील’ केरिस घेऊन ७ कोटी १० लाख रुपियांना झालेली फसवणूक

इंडोनेशियाच्या जावा बेटावरील सोलो, म्हणजे सुराकार्ता येथील एका विक्रेत्याने सतराव्या शतकातील सोन्याचे जडावकाम असलेली म्हणून एक केरिस, म्हणजे जावातली पारंपरिक कट्यार, माझ्या गळ्यात मारली. पात्याचे ६ कोटी ५० लाख रुपिया, नव्या म्यानाचे ४५ लाख आणि प्रमाणपत्राचे १५ लाख, असे एकूण ७ कोटी १० लाख रुपिया, आपल्या हिशेबाने पावणेचार लाख रुपयांच्या वर, त्याने घेतले. मी बाजारात पहिल्यांदाच कट्यार पाहणारा पर्यटक नव्हतो. नोकरीनिमित्त जावात राहत असल्यामुळे पामोर, म्हणजे पात्यावरची धातूची नक्षी, कसा ओळखावा, लिंबाचा रस आणि सोमल लावून पाते कसे काळे करतात, हे मी जवळून पाहिलेले होते. अर्धवट जाणणारे गिऱ्हाईकच या लोकांना हवे असते, हे मात्र आता कळले.

पात्याच्या बुडाशी जो वेगळा आडवा तुकडा असतो, त्या गोंजोवर सोन्यात हत्ती आणि सिंह होते. १६२७ मध्ये जावातल्याच पाती नावाच्या प्रांताचे बंड मोडल्यावर माताराम राज्याचा राजा सुलतान आगुंगने शूर सैनिकांच्या केरिसींवर हे चिन्ह चढवून त्यांचा गौरव केला, अशी परंपरा आहे. विक्रेत्याने तिचाच आधार घेतला. पाते त्याआधीच्या मजापहित राज्यातले आणि सोने माताराम दरबाराचे, असे त्याने मी विचारण्याआधीच सांगून टाकले. लोखंड आणि सोने यांच्या वयात फरक दिसला, तर त्याचे उत्तर अशा रीतीने आधीच तयार होते. विक्रेता न विचारलेल्या शंकेचे निरसन करू लागला, की तिथूनच उठावे.

मी उठलो नाही. भिंग घेऊन उजेडात गेलो तेव्हा गंजाने पडलेले खड्डे मला स्पष्ट दिसले. ते सोन्याच्या कडेपाशी थांबत नव्हते, तर सोन्याखाली शिरत होते आणि सोनेही त्या खड्ड्यांत उतरलेले होते. खड्डे सोने चढवल्यानंतर पडले असते, तर सोने त्यांच्यात उतरलेले दिसले नसते; म्हणजे सोने आधीच गंजलेल्या पात्यावर चढवले होते. त्यावर विक्रेता शांतपणे म्हणाला, “पाक (म्हणजे साहेब), सोने चढवले तेव्हाच पाते दोनशे वर्षांचे होते, खड्डे तेव्हाचेच.” उत्तर तर्काला धरून होते आणि माझ्या जागी कोणीही ते मानले असते. तरीही दरबारी कारागीर आधी लोखंडात उठावाचे कोरीव काम करतो, पृष्ठभागावर बारीक आडव्या-उभ्या रेघा पाडतो आणि मग त्यावर सोने ठोकून बसवतो. या कामात वरवरचे खड्डे उरतीलच कसे? हे मला माहीत होते, आणि ते त्या क्षणी आठवले नाही याची चीड आजही जात नाही.

पुढे एका वृद्ध कारागिराने हत्तीच्या पाठीवरचे सोने किंचित खरवडले. खाली रेघा नव्हत्या, होता तो नुसता मुलामा. झीजही उलटी होती: म्यानात घासणारा सोंडेचा उंच भाग शाबूत आणि खोलगट जागा मात्र उघडी पडलेली. सुगंधी तेलात चिंब भिजवलेले पाते कधीही तसेच तपासू नका, आधी पुसायला लावा. विक्रेत्यानेच आणून दिलेल्या प्रमाणपत्रावर दमडीही खर्च करू नका. वस्तू देशाबाहेर न्यायला काही परवानगी लागत नाही, असे तो म्हणाला तर लगेच सावध व्हा, कारण इंडोनेशियाच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे सांस्कृतिक वारशाची वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही. मग एक तर ती वस्तू जुनी नाही, किंवा तो तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे.

पोलिसांनी पावती पाहिली. तिच्यावर या धंद्यातल्या रिवाजाप्रमाणे किंमत न लिहिता ‘महर’, म्हणजे लग्नात वधूला द्यायची रक्कम, असे लिहिलेले होते आणि काळाचा किंवा सोन्याचा उल्लेखच नव्हता. तेव्हा ही विक्री की भेट, असा प्रश्न त्यांनी मलाच केला. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयाने तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय मागितला. वारसा खात्याने सांगितले, की खाजगी व्यवहारासाठी अभिप्राय देत नाही, पण निर्यात करायची असल्यास ही वस्तू वारसा नाही असे पत्र देऊ. ते पत्र घेऊन पोलिसांकडे गेलो, तर त्यात वस्तू कधी बनली हे लिहिलेले नाही म्हणून ते चालत नाही! ज्या कागदावर वस्तू जुनी नाही असे सरकारच म्हणते, तो कागद ती जुनी म्हणून विकणाऱ्याविरुद्ध उपयोगी पडत नाही, हे कोणत्या न्यायात बसते, ते एकाही खुर्चीवरच्या माणसाला सांगता आले नाही.

विक्रेत्याने आता ९० लाख रुपियांना केरिस परत घेण्याची तयारी दाखवली आहे. त्याची अट एकच, की मी पोलिसांतली तक्रार लेखी मागे घ्यावी. आणि ती तक्रार पोलिसांनी अजून नोंदवूनच घेतलेली नाही.