हापूस की केसर? पेटी घ्यायच्या आधी जरा वाचा

दरवर्षी एप्रिल लागला की आमच्या ग्रुपवर हाच वाद. चव, वास, रंग वगैरे सगळ्यांना माहितीये त्यामुळे त्यात पडत नाही, वासात हापूसचा नाद कोणी करू नये एवढं मान्य करून पुढे जातो.

हापूस बऱ्याचदा डझनावर मिळतो आणि केसर किलोवर, त्यामुळे सरळ भाव लावून तुलना होतच नाही, आणि माझ्या मते विक्रेत्याला ते बरंच पडतं. पाडवा ते अक्षय तृतीया मागणी तुफान, माल कमी, तेव्हा भाव विचारायचाच नाही. मे मध्ये आवक वाढली की उतरतो. थांबायची तयारी असेल त्याने थांबावं, पण घरात "पहिली पेटी" हा इज्जतीचा विषय असेल तर अर्थशास्त्र गुंडाळून ठेवा.

माझं ठरलं ते साक्यामुळे. बाहेरून आंबा एक नंबर, देठाला वास, आणि कापला की आत पांढरट, स्पंजासारखा आंबट गर. दाबून, हुंगून काही कळत नाही हो, विकणाऱ्यालाही नाही. म्हणजे समजा १००० रुपये डझन घेतला आणि तीन साक्याचे निघाले, तर आंबा ८३ चा नाही, १११ चा पडला. वर पाहुण्यांसमोर कापताना जी धाकधूक असते तिची किंमत कुठे लावायची? त्यात देवगड म्हणून कर्नाटकचा माल गळ्यात पडायची भीती वेगळीच. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पण गाडीवरच्या खोक्यातला आंबा खरंच कुठल्या बागेतला हे आपल्याला कोण सांगणार? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल हेच मांडलं होतं, की विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला नाही असं असलं की खऱ्या मालाचाही भाव मार खातो. साक्याच्या बाबतीत तर दोघंही अंधारात!

केसरमध्ये हा त्रास मला जवळपास आलाच नाही. माझा अनुभव हां, तुमचा वेगळा असू शकतो. आमरसाला रंग मस्त येतो, आणि चौथ्या वाटीनंतर खरं सांगायचं तर कुठल्याच आंब्याची पहिल्या वाटीएवढी मजा येत नाही, मग तिथे हापूसचे जास्तीचे पैसे कशाला?

(गंमत म्हणजे कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्येच नीलम आणि हापूसच्या संकरातून साका न होणारा 'रत्ना' आणला. बाजारात मागतं कोण? लोकांना नाव हापूसच हवं.)

तरी कोकणात ओळखीचा बागायतदार असेल, जो चौदा आणे (म्हणजे जवळपास पूर्ण) तयार फळ उतरवतो आणि खराब निघालं तर बदलून देतो, तर बिनधास्त हापूस घ्या. नसेल तर खायला एक डझन हापूस मे मध्ये, आणि रसाला केसर. आमच्याकडे हल्ली ते एक डझनही राहूनच जातं.